खिडकीचे माप शेवटी: घरातला उजेड ठरवण्याचा योग्य क्रम

सातारा, वाई, सांगली, मिरज या भागातल्या नव्या घरांमध्ये एकच चित्र वारंवार दिसते. दिवाणखान्याला पश्चिमेकडे सहा-सात फुटी सरकती खिडकी असते, तिच्यावर दिवसभर जाड पडदा ओढलेला असतो आणि आत सकाळी अकरा वाजता ट्यूबलाइट चालू असते. घर बांधणाऱ्याने खर्चात कसर केलेली नसते आणि मिस्त्रीनेही काम मन लावून केलेले असते. चुकलेला असतो तो निर्णयांचा क्रम. बहुतेक जण आधी खिडकीचे माप ठरवतात, मग फरशी पसंत करतात, मग रंग निवडतात आणि उजेड काय येईल ते राहायला गेल्यावर पाहतात. प्रत्यक्षात खोलीच्या आतल्या भागात पोहोचणारा उजेड हा बहुतांशी परतून आलेला असतो. तो अंगणावरून, समोरच्या भिंतीवरून, छतावरून आणि फरशीवरून उसळत येतो. म्हणून आधी उजेड कुठून येतो आणि कशावरून परततो हे पाहावे, आणि खिडकीचे माप त्यानंतर काढावे. पुढची मांडणी नव्या बांधकामासाठी आहे, मात्र जुन्या वाड्याची दुरुस्ती करणाऱ्यांनाही हाच क्रम लागू पडतो. त्यांच्यासाठी जिथे वेगळे काही करायचे आहे तिथे तसे सांगितले आहे.

तयारी: साहित्य आणि वेळ

साहित्य साधे आहे: तीन फूट लांबीची सरळ सळई किंवा काठी, ओळंबा, सुतळी, खडू, मोजपट्टी, पांढऱ्या कागदाचे काही ताव, हातभर लांबीचा आरसा, जाड पांढरा पुठ्ठा, काळी चिकटपट्टी आणि एक वही. मोबाइलवर उजेड मोजण्याचे एखादे अॅप घ्यावे. त्यावर दिसणारा लक्सचा (उजेड मोजण्याच्या एककाचा) आकडा अचूक नसतो, पण एकाच मोबाइलने घेतलेल्या दोन आकड्यांचे गुणोत्तर आपल्या कामापुरते विश्वासार्ह असते.

वेळेची तयारी अधिक महत्त्वाची आहे. जागा किमान तीन वेगवेगळ्या वेळी पाहावी: सकाळी आठच्या सुमारास, दुपारी साडेबारानंतर आणि संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान. शक्य असेल तर डिसेंबरात एकदा, मे महिन्यात एकदा आणि जुलैच्या भरून आलेल्या दिवशी एकदा असे पाहिल्यास कागदावरची निम्मी आकडेमोड वाचते.

> सावधान: बाहेरच्या उन्हातून थेट खोलीत शिरून "अंधार आहे" असा निष्कर्ष काढू नये. डोळ्याला कमी उजेडाची सवय व्हायला काही मिनिटे लागतात. खोलीत दहा मिनिटे बसावे आणि मगच वहीत नोंद करावी.

टप्पा १: खरी उत्तर दिशा शोधणे

मोबाइलमधल्या होकायंत्रावर विसंबून नकाशा करू नये. कॉलमच्या सळया, लोखंडी गेट, उभी असलेली गाडी यांच्या जवळ होकायंत्राची सुई सहज पंधरा-वीस अंश भरकटते आणि त्या चुकीच्या दिशेवर पुढचा सगळा हिशेब उभा राहतो.

त्यापेक्षा सावलीची जुनी रीत खात्रीची आहे. सपाट जागेवर काठी ओळंब्यात उभी करावी. सकाळी दहाच्या सुमारास तिच्या सावलीचे टोक खडूने खुणावून घ्यावे आणि काठीचे बूड केंद्र धरून त्या खुणेतून सुतळीने वर्तुळ काढावे. सावली आखडत जाऊन दुपारनंतर पुन्हा लांबते. तिचे टोक वर्तुळाला पुन्हा टेकले की दुसरी खूण करावी. पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतची रेषा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. तिला काटकोनात काढलेली रेषा दक्षिणोत्तर.

येथे अनेक जण "दुपारी बाराची सावली" धरतात आणि तिथेच चुकतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, तर सातारा साधारण ७४ अंशांवर आणि सांगली साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या जवळ आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर, म्हणजे त्या दिवसाच्या सर्वांत उंच जागी, येतो तो सरासरी १२ वाजून ३२ ते ३४ मिनिटांनी, आणि वर्षभरात ही वेळ सुमारे सव्वाबारा ते पावणेएक या दरम्यान मागेपुढे होते.

> तपासणी: वर्तुळाच्या रीतीने काढलेली उत्तर रेषा आणि रात्री दिसणाऱ्या ध्रुवताऱ्याची दिशा जुळते का ते पाहावे. दोन-तीन अंशांचा फरक चालतो. दहा अंशांचा फरक आला तर काठी ओळंब्यात नव्हती असे समजावे.

टप्पा २: आकाश किती शिल्लक आहे ते मोजणे

खिडकीतून उजेड देते ते आकाश. त्यामुळे प्रत्येक नियोजित खिडकीच्या जागी उभे राहून समोरची इमारत, झाड किंवा डोंगर क्षितिजापासून किती वर चढला आहे ते मोजावे. हात सरळ लांब करून धरलेली मूठ डोळ्यासमोर साधारण १० अंश व्यापते. एकावर एक मुठी रचत जावे. समोरच्या इमारतीचा माथा चार-साडेचार मुठींच्या वर गेला तर त्या बाजूने तळमजल्याला थेट आकाश फारसे मिळणार नाही, हे तिथल्या तिथे कळते.

साताऱ्यात हा टप्पा टाळून चालत नाही. शहर अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेला पसरलेले आहे, त्यामुळे किल्ल्याच्या पायथ्यालगतच्या घरांना दक्षिणेचे क्षितिज वर उचललेले मिळते. पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर असल्याने त्याच्या जवळच्या वस्त्यांमध्ये सूर्य पंचांगातल्या सूर्यास्ताच्या बराच आधी डोंगराआड जातो. अशा घरांना संध्याकाळच्या तिरप्या उन्हाचा जाच कमी असतो, पण उजेडही लवकर ओसरतो. सांगलीत याच्या उलट स्थिती आहे. जमीन सपाट आणि क्षितिज मोकळे, त्यामुळे शेवटचे ऊनही आडवे घरात शिरते. म्हणून साताऱ्यातल्या नातेवाइकाच्या घराचा नकाशा उचलून सांगलीच्या विश्रामबागेत तसाच बांधू नये.

डक्टच्या, म्हणजे इमारतीत हवा-उजेडासाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेच्या, बाबतीत तर मुठीचे हे माप डोळे उघडणारे आहे. चार फूट बाय चार फुटांच्या आणि तीन मजले उंच डक्टच्या तळाशी उभे राहून वर पाहिले तर आकाशाचा तुकडा हातभर अंतरावरच्या मुठीएवढाच दिसतो. या डक्टवर स्वयंपाकघराची एकमेव खिडकी ठेवणे म्हणजे स्वयंपाकघराला दिवसाही दिव्यावर सोडणे होय.

टप्पा ३: सूर्याचे चार कोन वहीत उतरवणे

सातारा सुमारे १७.७ अंश आणि सांगली सुमारे १६.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. दोन्हींमधला फरक एका अंशाहूनही कमी असल्याने पुढचे आकडे दोन्ही ठिकाणी चालतात.

२१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास माथ्यावरच्या वेळी सूर्य दक्षिणेकडे सुमारे ७२ अंश उंच असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिणेकडे सुमारे ४९ अंशांवर उतरतो. मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तो अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत किंवा ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो माथ्याच्या उत्तरेकडे राहतो. जूनमध्ये माथ्यावरची उंची सुमारे ८४ अंश, तीही उत्तरेकडून.

शेवटची गोष्ट फार कमी लोकांच्या हिशेबात असते. "उत्तरेच्या खिडकीत ऊन कधीच येत नाही" हे विधान पाश्चात्त्य पुस्तकांतून आलेले आहे आणि आपल्या अक्षांशावर ते खरे नाही. जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या उत्तरेला सुमारे २५ अंशांवर उगवतो, दिवसभर उत्तरेकडेच राहतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला तितकाच सरकून मावळतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात, पाऊस सुरू होण्याआधी, उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येतेच.

पश्चिमेसाठी एक वेगळा आकडा लिहून ठेवावा: एप्रिल अखेर ते मे या काळात संध्याकाळी साडेपाच वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे २० अंश वर असतो. छज्जाचा विचार करताना हा आकडा लागेल.

टप्पा ४: खोलीत आकाशरेषा आखणे

हा टप्पा अर्ध्या तासाचा आहे आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत उपयोगी आहे. घर उभे असेल तर खिडकीपासून सुरुवात करून आतल्या दिशेने सरकत जावे. ज्या उंचीवर काम होते, म्हणजे ओट्याची किंवा अभ्यासाच्या टेबलाची उंची, तिथे डोळे आणून खिडकीतून पाहावे. आकाशाचा शेवटचा तुकडा जिथे दिसेनासा होतो तिथे फरशीवर खडूने खूण करावी. अशा चार-पाच खुणा जोडल्या की खोलीत एक रेषा तयार होते. रेषेच्या अलीकडे आकाशाचा थेट उजेड पोहोचतो आणि रेषेच्या पलीकडे पोहोचतो तो केवळ परतलेला उजेड.

नव्या घरासाठी हेच काम नकाशाच्या उभ्या छेदावर पट्टीने करावे: समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून खिडकीच्या वरच्या कडेला स्पर्श करणारी रेषा आत ओढावी आणि ती टेबलाच्या उंचीला जिथे छेदते तिथे खूण करावी.

आता या रेषेच्या संदर्भात खोलीतल्या कामांची मांडणी करावी. धान्य निवडणे, शिवण, वाचन, भाजी चिरणे ही कामे रेषेच्या अलीकडे यावीत. पलंग, कपाट, टीव्ही रेषेच्या पलीकडे गेले तरी चालतात. जुन्या वाड्यांमध्ये घरातली निवडणी-टिपणी सोप्यात (ओसरीत) किंवा चौकाच्या कडेला होत असे आणि माजघर विसाव्यासाठी राहत असे, त्यामागे हाच व्यवहार होता. आज आपण माजघराचे स्वयंपाकघर करतो आणि मग अंधार आहे म्हणून वाड्याला दोष देतो.

> तपासणी: जुलै-ऑगस्टमधला एकसारखा ढगाळ दिवस निवडावा. घरातले सगळे दिवे बंद करून ओट्यावर मोबाइल उताणा ठेवून आकडा घ्यावा आणि लगेच गच्चीवर मोकळ्या आकाशाखाली दुसरा आकडा घ्यावा. आतला आकडा बाहेरच्या आकड्याच्या किती टक्के आहे ते काढावे. भारतीय मानक आयएस २४४० मध्ये बाहेरचा उजेड ८००० लक्स धरून स्वयंपाकघरासाठी २.५ टक्के, अभ्यासाच्या खोलीसाठी १.९ टक्के आणि दिवाणखान्यासाठी ०.६२५ टक्के हे प्रमाण दिलेले आहे. ओट्यावर एक टक्काही भरत नसेल तर पुढचा टप्पा दोनदा वाचावा.

टप्पा ५: परतणारा उजेड तपासणे

येथे घाई करू नये. खिडकी मोठी करायला भिंत फोडावी लागते, तर परतणारा उजेड वाढवायला अनेकदा चुन्याचा एक हात पुरतो.

प्रत्येक पृष्ठभाग त्याच्यावर पडलेल्या उजेडाचा काही भाग गिळतो आणि काही परत करतो. ताजा चुना किंवा पांढरा मॅट रंग सुमारे ७५ ते ८५ टक्के उजेड परत करतो, फिकट पिवळा सुमारे ६० ते ७०, सिमेंटचा उघडा गिलावा २५ ते ४०, उघडी वीट २० ते ३०, तर आपला काळा दगड आणि जुने सागवान १० ते २० टक्क्यांच्या आसपास. उजेड एकदाच परतत नसल्याने हे आकडे एकमेकांना गुणले जातात, आणि सगळा फरक तिथे पडतो. समजा, अंगण फिकट रंगाचे असून ५० टक्के परत करते, छत ८० टक्के आणि भिंत ७० टक्के. तर अंगणावर पडलेल्या उजेडाचा या वाटेने टेबलाकडे येणारा हिस्सा ०.५ गुणिले ०.८ गुणिले ०.७, म्हणजे २८ टक्के राहतो. त्याऐवजी अंगणात काळा दगड १५ टक्के, लाकडी छत २० टक्के आणि काजळलेली भिंत ५० टक्के असेल तर हाच हिस्सा दीड टक्क्यावर येतो. खिडकी तीच, आकाशही तेच, आणि फरक सुमारे एकोणीस पटींचा. प्रत्यक्षात उजेड पसरतो, काही वाया जातो, म्हणून टेबलावर एवढा सगळा पोहोचत नाही. पण दोन घरांमधले अंतर कळण्यासाठी हा हिशेब पुरेसा आहे.

आपल्या भिंतीचा किंवा फरशीचा आकडा घरी काढता येतो. तिच्यावर पांढऱ्या कागदाचा मोठा ताव ठेवावा, वीतभर अंतरावरून मोबाइलचा संवेदक कागदाकडे करून आकडा घ्यावा. मग मोबाइल न हलवता कागद काढून पुन्हा आकडा घ्यावा. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून ८० ने गुणले की त्या पृष्ठभागाची टक्केवारी अंदाजे मिळते.

पृष्ठभागांना पांढरे करण्याचाही क्रम आहे. सर्वांत आधी छत, कारण जमिनीवरून उसळलेला उजेड तिथेच आदळतो आणि संपूर्ण खोलीवर पसरतो. त्यानंतर खिडकीच्या शेजारची काटकोनातली भिंत, त्यानंतर खिडकीच्या समोरची भिंत आणि सर्वांत शेवटी खिडकी जिच्यात आहे ती भिंत. बहुतेक घरांत नेमका उलटा प्रकार होतो: छताला लाकडी रंगाचे पीओपी, टीव्हीच्या भिंतीला गडद कागद आणि उरलेल्या भिंती पांढऱ्या. खिडकीची भिंत मात्र गडद ठेवू नये. गडद भिंतीतली उजळ खिडकी डोळ्याला टोचते.

आता परतीच्या दुसऱ्या प्रकाराकडे यावे लागेल, कारण सर्वाधिक चुका तिथे होतात. खरबरीत पृष्ठभाग उजेड सगळीकडे विखरतो. गुळगुळीत पृष्ठभाग तो आरशासारखा एकाच दिशेला, जितक्या कोनातून आला तितक्याच कोनातून परत फेकतो. पहिल्याने खोली उजळते. दुसऱ्याने एका जागी बसलेल्या माणसाचे डोळे दिपतात. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल "उजेड वाढवते" असे दुकानात सांगितले जाते. मी स्वतः त्यावर विश्वास ठेवून दक्षिणेच्या सोप्याला लागून असलेल्या खोलीत पांढरी चकचकीत टाइल बसवली. डिसेंबरात कमी उंचीचे ऊन फरशीवर पडून थेट आईच्या खुर्चीकडे परतू लागले. तिला मोतीबिंदूची सुरुवात होती आणि त्या काळात तिरीप सहन होत नाही, कारण गढूळ झालेल्या भिंगात उजेड विखुरतो. तिने तक्रार केली नाही, फक्त खुर्ची अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवली. ते कारण माझ्या लक्षात यायला दोन हिवाळे लागले, याची खंत आजही आहे. घरात वयस्क माणसे असतील तर मॅट फरशीच घ्यावी, एवढे मी आग्रहाने सांगतो.

फरशी घेण्यापूर्वी आरशाची चाचणी करावी. नियोजित बसण्याच्या जागी बसावे आणि दुसऱ्या माणसाला फरशीवर आरसा उताणा ठेवून खिडकीपासून हळूहळू आपल्याकडे सरकवायला सांगावे. आरशात जिथे आकाश किंवा सूर्य दिसतो, तिथे चकचकीत टाइल तीच तिरीप देणार.

> सावधान: सूर्य असताना आरशात टक लावून पाहू नये, तिरीप डोळ्यावर आली की नजर लगेच वळवावी.

पाण्याचेही असेच आहे. सूर्य उंच असताना पाणी फार थोडा उजेड परत करते, दोन-तीन टक्के. पण सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर आला की तेच पाणी एक तृतीयांशाहून अधिक उजेड परत फेकते. सांगलीच्या गावभागात कृष्णा शहराच्या पश्चिमेला वाहते, त्यामुळे नदीकाठच्या घराला संध्याकाळी दोन सूर्यांचा सामना करावा लागतो. एक आकाशातला, दुसरा खालून येणारा. छज्जा वरच्या सूर्याला अडवतो. खालून येणाऱ्या उजेडासमोर तो निरुपयोगी आहे. अशा खिडकीला खालच्या बाजूने दीड-दोन फूट भरीव कठडा, जाळी किंवा कठड्यावर कुंड्यांची रांग लागते. आणि हा खालून येणारा उजेड वाईटच असतो असे नाही. तो पांढऱ्या छतावर पडला तर पाण्याच्या हालचालीसह तिथे डुलतो, आणि असे छत घरात मिळणे हे भाग्य आहे. डोळ्यावर येऊ देऊ नये, छतावर जाऊ द्यावा, एवढीच काळजी घ्यावी.

ही नजर तयार करायची असेल तर साताऱ्याजवळ लिंब येथील बारामोटेची विहीर एकदा सकाळी आणि एकदा दुपारी पाहावी. पायऱ्या उतरताना दर दहा पायऱ्यांनी थांबावे आणि उजेड वरून येतो आहे की पाण्याकडून, कमानीच्या खालच्या अंगाला तो पोहोचतो का, काळ्या दगडावर तो किती लवकर विरतो, हे वहीत लिहावे. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट एकाच फेरीत पाहून होतो. वाड्याच्या आतल्या काळोख्या भागातून घाटावर येताना डोळ्याला किती वेळ लागतो तेही मोजावे.

टप्पा ६: आता खिडकीचे माप

पहिले चार टप्पे झाल्यावर आणि पाचव्यातले पृष्ठभाग ठरल्यावरच खिडकी काढावी. येथे रुंदीपेक्षा वरच्या कडेची उंची महत्त्वाची आहे. उजेड खोलीत खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट आत उपयोगी पडतो, असा ढोबळ नियम आहे. लिंटल (खिडकीवरची आडवी तुळई) सात फुटांवर असेल तर चौदा ते सतरा फूट. त्यापलीकडे खिडकी कितीही रुंद केली तरी आतला कोपरा काळाच राहतो. ढगाळ आकाशात माथ्याकडचा भाग क्षितिजाजवळच्या भागाच्या सुमारे तिप्पट उजळ असतो, म्हणून पावसाळ्यात वर उघडणारी झडप किंवा लिंटलवरचा झरोका रुंद खिडकीपेक्षा जास्त देतो. फॉल्स सिलिंग करून हीच वरची कड झाकली जाते, ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की नकाशावर सिलिंगची खालची पातळी लिहिल्याशिवाय खिडकी मंजूर करू नये असे सुचवतो.

शक्य असेल तिथे एका मोठ्या खिडकीऐवजी दोन वेगळ्या भिंतींत दोन लहान खिडक्या द्याव्यात. एक खिडकी शेजारच्या काटकोनातल्या भिंतीला अगदी लगटून ठेवावी, म्हणजे ती भिंत उजळून स्वतःच दिव्यासारखी काम करते.

वाड्याच्या दोन-अडीच फूट जाड भिंतीत खिडकी न वाढवता तिचे आतले गाल तिरके कापून, आतल्या बाजूला रुंद करून पांढरे करावेत. उजेड वाढतोच, शिवाय खिडकी आणि भिंत यांच्यातला डोळ्याला टोचणारा फरक सौम्य होतो. कौलारू छपरात मधल्या खोलीसाठी एक-दोन काचेची कौले उत्तर उतारावर बसवावीत. दक्षिण उतारावर बसवल्यास हिवाळ्यात उन्हाचा कवडसा जमिनीवर फिरत राहतो.

> सावधान: पाऊस, कबुतरे किंवा माकडे यांच्यामुळे वाड्याचा चौक फायबरच्या पत्र्याने बंद करायची वेळ आली तर पत्रा चारही बाजूंनी किमान दोन फूट उचलून बसवावा. सपाट बंद केलेल्या पत्र्यावर दोन पावसाळ्यांत शेवाळ आणि धूळ साचून चौक अंधारतो आणि उन्हाळ्यात तापतो. दिवाळीच्या साफसफाईत पत्रा धुण्याचे काम यादीत लिहून ठेवावे.

आरशासारखी काच बसवण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. साधी स्वच्छ काच समोरून आलेल्या उजेडातला सुमारे ८८ टक्के आत सोडते. आरसेदार काच त्यातला मोठा हिस्सा बाहेरच फेकते, तोही समोरच्या घराच्या अंगावर. शिवाय ती उजेडाच्या बाजूला आरसा आणि अंधाराच्या बाजूला पारदर्शक असते, त्यामुळे रात्री दिवा लावल्यावर बाहेरच्याला आतले सगळे दिसते.

टप्पा ७: छज्जा आणि आडोसा

दक्षिणेसाठी हिशेब सोपा आहे. दीड फुटी छज्जा मार्च आणि सप्टेंबरच्या दुपारी आपल्या खाली साडेचार फुटांहून अधिक सावली टाकतो, म्हणजे चार फूट उंच खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरच्या दुपारी हाच छज्जा पावणेदोन फूटच झाकतो आणि खालच्या सव्वादोन फुटांतून ऊन आत येते. हिवाळ्यात हवे असलेले ऊन आणि उन्हाळ्यात नको असलेले ऊन एकाच छज्जाने वेगळे होते.

पश्चिमेला हा उपाय चालत नाही. २० अंशांवरच्या सूर्यासमोर दीड फुटी छज्जा जेमतेम अर्धा फूट सावली देतो. तिथे खिडकी अरुंद आणि उंच ठेवणे, उभ्या पट्ट्या लावणे, बाहेरून बांबूची चटई सोडणे किंवा व्हरांडा देणे हे पर्याय आहेत. पडदा आतून लावल्यास उजेड अडतो पण ऊन काचेतून आत येऊन चुकलेले असते, त्यामुळे उष्णता आतच राहते. उत्तरेच्या खिडकीला पश्चिमेच्या कडेने नऊ-दहा इंच बाहेर आलेली उभी पट्टी काढली की मे महिन्याची तिरीप बरीच कमी होते.

टप्पा ८: पुठ्ठ्याचा नमुना गच्चीवर

एकास वीस या प्रमाणात, म्हणजे दहा फुटांसाठी सहा इंच, मुख्य खोलीचा नमुना पुठ्ठ्यात करावा. उजेडाचे वागणे नमुन्यातही खऱ्या खोलीसारखेच असते, फक्त पृष्ठभागांचे रंग खरे हवेत. म्हणून छत, भिंती आणि फरशीला प्रत्यक्ष वापरायच्या रंगाचेच कागद चिकटवावेत. सांधे काळ्या पट्टीने बंद करावेत. पुठ्ठ्यातून झिरपणारा उजेड सगळा निष्कर्ष फिरवतो. डोळ्याच्या उंचीवर मोबाइलच्या कॅमेऱ्यापुरते भोक ठेवावे, नमुना खऱ्या दिशेला वळवून ठेवावा आणि समोरची इमारतही पुठ्ठ्याची उभी करावी.

कॅमेरा प्रत्येक चित्र आपोआप उजळ करतो, त्यामुळे "मोठी खिडकी" आणि "लहान खिडकी" ही दोन्ही चित्रे सारखीच दिसतात आणि लोक फसतात. पहिले चित्र घेताना उजेडाची पातळी कुलूपबंद (एक्सपोजर लॉक) करावी आणि पुढची सगळी चित्रे त्याच पातळीवर घ्यावीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी छताचा रंग, मग अंगणाचा, मग खिडकीची वरची कड.

टप्पा ९: गिलाव्याआधीची आणि रंगाआधीची फेरी

वीटकाम लिंटलपर्यंत आले की छताचा स्लॅब ओतला जाण्याची वाट न पाहता टप्पा चारमधली खूण पुन्हा करावी. या क्षणी लिंटलची एक वीट वर सरकवायला काही तासांचे काम लागते. गिलाव्यानंतर तेच काम आठवड्याचे होते. ठेकेदाराला तोंडी सांगू नये. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासूनची उंची, छज्जाची रुंदी आणि सिलिंगची पातळी हे तीन आकडे भिंतीवरच खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

रंगाचा नमुना वीतभर चौकोनात पाहून निर्णय घेऊ नये. तीन फूट बाय तीन फुटांचा भाग छतावर आणि खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर रंगवून तो सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाहावा. अंगणात लाल फरशी किंवा शेजारी हिरवे गवत असेल तर पांढऱ्या छतावर तिची छटा उतरते. ती आवडते का हे रंगवण्याआधी कळायला हवे.

राहायला गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात एका भरून आलेल्या दुपारी चार वाजता घरातले सगळे दिवे बंद करावेत. दहा मिनिटे थांबून प्रत्येकाने आपापले नेहमीचे काम हाती घ्यावे: कोणी तांदूळ निवडावा, कोणी वर्तमानपत्र वाचावे, कोणी सुईत दोरा ओवावा. ज्या जागी दोरा ओवता येत नाही तेवढ्याच जागी दिव्याची तार काढावी आणि त्या जागांची नोंद वहीत तारखेसह करून ठेवावी.